मागची सीट

पोझनानचं पाणी कसं होतं, शाळेतली पोरं विचारतात.
थंड होतं, मी सांगते.
खरं तर मी बघितलंच नाही.
दोघींच्या कयाकमध्ये पुढचीला पाणी दिसतं,
मागचीला पाठ.

रुद्रव्वा, अकरा वर्षं मी तुझी पाठ बघितली.
डाव्या खांद्याखाली, जर्सीच्या पट्टीला लागून
हुलग्याएवढा तीळ.
तो वर सरकला की माझं वल्हं पाण्यात.
घाम वाळून मिठाची रेघ उमटायची,
रोज दुसरीकडूनच जायची.
हद्द कुणी आखली, विचारायला वेळ नसायचा.

हिडकलच्या बॅकवॉटरवर पहाटे
तू मोजायचीस, वंदु, यरडु, मूरु, नाल्कु,
आणि मी मनात, एक दोन तीन चार.
तुझ्या मूरुत आणि माझ्या तीनमध्ये
अर्ध्या वल्ह्याची फट राहायची.
पहिल्याच महिन्यात दोनदा पालथ्या झालो.
मग मी मोजायचंच सोडलं.
शेवटच्या शंभर मीटरला तू म्हणायचीस, नडी,
की मी निघाले.

सेगेदच्या हॉटेलात किल्ली देणाऱ्या बाईनं विचारलं,
सख्ख्या बहिणी का?
तू म्हणालीस हौदु, मी म्हणाले हो,
एकाच दमात.
तिला दोन्ही कळलं नाही. किल्ली मात्र एकच दिली.

आप्पा सदलग्याहून धरणावर आले होते एकदा.
दूधगंगेला पूर आला की ते गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडायचे,
गूळ आटवायची, गोल, तिला ना पुढा ना मागा.
एका खेपेला बाळंतीण, दोन पोती आणि कुणाचा तरी रेडिओ.
आमची नाव त्यांनी एका हातानं उचलून बघितली.
ह्यात माणूस बसतंय का काकडी?
मग मला बाजूला घेऊन,
मागच्याचं काम काय असतंय गं?
इंजिन, म्हणाले मी.
मग बरं, म्हणाले.

बी-फायनल, सातवा नंबर, एक मिनिट पंचावन्न.
बेळगावच्या पेपरात फोटो आला,
त्यात तू, आणि तुझ्या दंडाआडून
एक कोपर. ते माझं.
आईनं कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं, कोपराला कुंकू लावलं.

पुढच्या वर्षी तीळ उशिरा वर यायला लागला.
डॉक्टरच्या आधी मला कळलं.
तू बोलली नाहीस. मीही नाही.
मी माझं वल्हं तेवढंच उशिरा टाकत गेले,
म्हणजे नाव सरळ जाईल,
हळू, पण सरळ.
कोच काठावरून सायकल हाणत ओरडायचे,
मागची मेली काय!
ट्रायलला मला काढलं.
तुझ्या मागं मणिपूरची एक पोर बसवली,
चांगली होती, ताकदीची,
पण तिला तो तीळ वाचता येईना.
विसाव्या दिवशी तुझा खांदा निखळला.

मी तेव्हा सांगायला हवं होतं का?
हे मी तुला गोकाकला फोन करून विचारणार असते
दर रविवारी,
आणि आपण जोंधळ्याच्या भावावर बोलतो.

मला एकटीची नाव मिळाली नंतर.
समोर कोणी नाही.
सगळा वारा तोंडावर, नऊ लेनचं पाणी डोळ्यांत,
कुठं बघायचं तेच कळेना.
दोन मोसम, दोन्ही वेळा शेवटून दुसरी.

गेल्या आषाढात पाणी वेशीपर्यंत आलं.
आप्पांची काहील मीच ओढून काढली,
भोक कापडानं आणि डांबरानं बुजवलं.
गोल नाव. कुठंही बसलं तरी पुढंच.
तरी बसले ती
समोर एक जागा मोकळी सोडून.
चौगुल्यांच्या म्हातारीनं तिथं तिची शेळी उभी केली.
शेळीनं माझ्याकडं पाठ केली,
आणि मी मोठ्यांदा मोजत होते,
वंदु,
यरडु.