ट्रेकरवाल्याचा हिशेब

लिहा बाई, तीनशे सतरा.
दारांवर तुम्ही आकडे घातलेत, चुली मोजल्यात,
मांझीथानाशी बसून म्हाताऱ्यांची वयं
दुष्काळांवरून आणि हत्तींवरून काढलीत.
तुमचं काही चुकलेलं नाही.
मी मात्र तेतरियाडीहची माणसं
बसवून मोजतो.

हा ट्रेकर कागदावर नऊ जणांचा.
बुधवारी हाटाला आत चौदा,
मागच्या फळीवर चार, टपावर सहा,
मोहाच्या गोण्या, सालपानांचे भारे
आणि तालामय मुर्मूचा तो तांबडा कोंबडा.
अकरा बाजार झाले, विकायला जातो
आणि तिच्याच काखेतून परत येतो.
त्याचं भाडं मी घेत नाही.
त्याला कुठल्या रकान्यात घालाल?

बस? लिहा, आहे.
एकदा आली होती, झेंडूच्या माळा घालून, भोंग्यासकट.
नाल्यात मागचं चाक रुतलं.
साहेब उतरले, बूट हातात घेऊन
आमच्यासारखेच चालत गेले.
बैल जुंपून ती ओढून काढली,
आणि माळा बैलांनी खाल्ल्या.

रेल्वे? दिसते की.
रूळ लुखीरामच्या मक्याला लागून,
स्टेशन सव्वीस किलोमीटर.
कोळशाची गाडी जाते, एकोणसाठ डबे.
पोरं बांधावर बसून तिच्यावरच आकडे शिकली.
साठ म्हणवून घ्यायला मास्तरांना छडी उगारावी लागली.
एकोणसाठानंतर, पोरं म्हणत,
लाल दिवा असतो.

सोहराय सरला की माझ्या खेपा वाढतात.
पहाटे तीनला, एका डोळ्याच्या उजेडात,
चाळीसेक जण स्टेशनवर नेऊन सोडतो.
केरळ, सुरत, लडाख.
सुफल बेसरा तिकडे बर्फात रस्ता बांधतो,
ढगांच्याही वर कुठेतरी,
श्वास म्हणे मोजून घ्यावा लागतो.
फोन लागला की बायकोच्या आधी
नाल्याची चौकशी करतो. पूल झाला का?
मी सांगतो, दोन खांब झालेत.
गेल्या साली सांगितले तेच दोन.
त्यांच्यावर बगळे बसतात.

रोपणीला परततात सगळे. सगळे म्हणजे
चाळीस नेले, तेहतीस आणले.
उरलेले सात मी मनातल्या मनात
मधल्या सीटवर बसवून ठेवतो,
थोडं सरकून घ्या म्हणतो.

होपनी मरांडीच्या घरात तुम्ही पाच लिहिलेत.
मी कुडाशी उभा होतो.
सलगेचं नाव सांगताना ती अडखळली नाही.
वय चौदा, म्हणाली.
बाई, चौदाची ती गेली तेव्हा होती.
त्याला सहा पावसाळे झाले.
बरोबर शहरातली एक बाई होती, फुलाफुलांच्या छत्रीची,
दिल्लीत घरकाम आहे म्हणत होती.
दोघींचे तीस झाले. तिनं पन्नासची नोट दिली,
माझ्याकडे सुटे नव्हते.
सलगे म्हणाली, राहू दे काका,
येताना मी घेईन.

ते वीस रुपये त्या खणात आहेत,
मुदत संपलेल्या विम्याच्या कागदात गुंडाळून.
घाटात डिझेल संपलं, कॅन घेऊन सात मैल चाललो,
तेव्हासुद्धा उधारी केली,
त्याला हात लावला नाही.

म्हणून म्हणतो, तीनशे सतराच राहू द्या.
माझा आकडा दरवर्षी कमी भरतो,
तुमचा तरी
कुठे पुरा असू दे.

ब्लॉक ऑफिसला जायचंय ना? बसा पुढे.
दार लागत नाही, आतून दोरी आहे, बांधून घ्या.
पिशवी मांडीवर.
अजून तिघं यायची आहेत.
भरल्याशिवाय ही गाडी
सुटत नाही.