रकाना अकरा

अकराव्या रकान्यात विचारलंय :
अर्जदाराचे बालकाशी नाते.
चौकोन आठ.
समुद्रपूरच्या सेतू केंद्राबाहेर
मास्क हनुवटीखाली ओढून मी पेन धरून बसलोय,
आणि मैत्री पायरीवर
संत्र्याची साल एका लांबीत सोलतेय,
तुटू न देता.

तिच्या दाखल्यावर बाप : सुधीर नगराळे.
तिच्या आईच्या पासपोर्टवर नवरा : ताकसांडे, म्हणजे मी.
आई मस्कतच्या दवाखान्यात, रात्रपाळीला,
एकोणीस महिने झाले.
पोरगी या वर्षात तीन बोटं वाढली,
फोनमध्ये ते दिसत नाही.

एजंट म्हणतो, सध्या फक्त सख्खे.
सख्खे म्हणजे काय, ते त्यालाही
वरून विचारून सांगावं लागतं.

मी लाइनमन आहे.
मेलेल्या बापाचं मीटर पोराच्या नावावर करायला
कागद किती लागतात, मीच सांगतो लोकांना.
बरबडीची एक म्हातारी म्हणाली होती,
उजेड तर येऊनच राहिला ना बापा,
मंग नाव कायले पाहिजे?
नियम आहे, म्हटलं होतं मी,
आणि शिडी खांद्यावर घेतली होती.

संमतीपत्रासाठी वणीला गेलो.
सुधीर कोळशाच्या काट्यावर असतो,
मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न.
त्यानं कागद दोनदा वाचला.
वापस कधी?
उघडलं की.
काय उघडलं की?
मला सांगता आलं नाही.

ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली त्यानं.
कोपऱ्यात कोळशाचा अंगठा उमटला, कोणी न मागता.
मग दुसरीकडं पाहत म्हणाला,
तिले गाडी लागते. खिडकीपाशी बसवजा.

तीन वर्षं झाली, बसमध्ये
तिच्या पुढ्यात पिशवी मीच धरतो.
बरं झालं सांगितलं, म्हटलं मी.

नोटरी म्हणाला, डाग आहे, नवीन प्रत आणा.
पण स्वॅब सकाळीच दिला होता,
बहात्तर तास सुरू झाले होते,
एसट्या बंद, आणि वणी
परत तितकीच लांब.
डागासकट शिक्का मार, म्हटलं.
असं मी कुणाला बोलत नाही.

रात्री शेजारच्या रमाबाईंनी सरगुंडे दिले, वाळवलेले,
तिच्या मायला आवडतात म्हणून.
मैत्रीनं ते डब्यात भरले, डबा स्वेटरात गुंडाळला.
मस्कतला स्वेटर कशाला, मी विचारलं नाही.

नागपूरच्या काउंटरवर काचेआडच्या बाईनं
कागदं चाळली, उलटी केली,
ते आडनाव, हे आडनाव,
कोळशाच्या अंगठ्याशी थांबली.
मग मला सोडून तिलाच विचारलं,
बेटा, हे कोण तुझे?

मी फॉर्मकडं पाहत होतो.
अकराव्या रकान्यात शेवटी मी
'सावत्र' लिहिलं होतं,
चारच अक्षरं बसली, बाकीचे चौकोन कोरे.

आमच्या घरचे हायेत, मैत्री म्हणाली,
रस्ता सांगावा तसं.
मग डब्याचं झाकण लागलंय का ते पाहिलं.

आता सातव्या मजल्यावर सात दिवस.
दारात जेवण ठेवतात, घंटी वाजवतात, पळतात.
संध्याकाळी आई खाली येते,
रस्त्यापलीकडून मोबाइलचा टॉर्च हलवते,
आणि मैत्री खोलीतला दिवा लावते, विझवते, लावते.
बटण खराब होईल, असं माझ्या तोंडावर येतं.

ती गेल्यावरही पोरगी काचेला नाक लावून उभी.
काका, इथं खांबच नाहीत.
तारा कुठून येतात?

जमिनीखालून.

मग फॉल्ट झाला तर
सापडते कसा?

खणावं लागते, म्हटलं.