पेव

कंदील विझला तर उतरायचं नाही,
ही एकच अट होती बापू मगदूमांची.
म्हणून आधी कंदील सोडला दोरीनं,
वीस-बावीस फूट,
मागोमाग माईक,
मग प्रज्वला, चप्पल वर काढून,
देवळात शिरावं तशी.

हरिपुरातलं ते पेव पुरापर्यंत भरलेलं असायचं.
मग नदी आत उतरली
आणि हळद सडली, तिचा वास मात्र राहिला.
बापू म्हणाले, भरा काय भरायचंय ते,
माल तर आता कुणी ठेवत नाही.
भाडं दिवसाला दोनशे.
चहा त्यांचा.

बँडचं नाव इशारा पातळी.
आयर्विन पुलावर चाळीस फुटांना जे लागतं, ते.
पंचेचाळीसचं नाव घ्यायची
आमच्यात कुणाची छाती नव्हती.

पेवात हाक मारली की ती लगेच परत येत नाही.
शेणानं सारवलेली भिंत चाचपते,
गोल फिरते,
आणि वर येते तेव्हा थोडी पिवळी झालेली असते.
हे मी इंजिनिअरला सांगितलं.
तो म्हणाला, म्हणजे किती डेसिबल?

ड्रम कुपवाडला वाजवले, अजितच्या मामाच्या शेडमध्ये.
शेजारी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज,
त्याचा कॉम्प्रेसर दर सात मिनिटांनी गुरगुरायचा.
तो काही केल्या निघेना,
तेव्हा तिसरं गाणंच त्याच्या सुरात लावलं.
आता ते गाणं दुसऱ्या कुठल्या पट्टीत
आम्हालाच म्हणता येत नाही.

इर्शादनं गिटार मिरजेला चुलत्याकडे नेली.
शिकलगार काकांनी एकच तार छेडली,
म्हणाले, ही मुकी आहे रे,
आणि दोन दिवस घोडी घासत बसले.
पैसे नकोत, नावही नको म्हणाले.
आम्ही नाव टाकलं. जवारी : उस्मान शिकलगार.
छापून आलं ज्वारी.
काका म्हणतात, बरं झालं,
भाकरीचं तरी श्रेय मिळालं.

विश्रामबागेत एका कॅफेच्या गच्चीवर
पहिल्यांदा ऐकवलं सगळ्यांना.
एकोणीस माणसं.
त्यातली दोन वाढदिवस समजून आलेली,
केक कधी, म्हणून शेवटपर्यंत थांबली.
माझ्या आईला शब्द कळले नाहीत,
पण चौथ्या गाण्यातला खोकला
माझाच, हे तिनं शपथेवर सांगितलं.

पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं,
गायिकेच्या आवाजावरचा कृत्रिम घुमारा खटकतो.
प्रज्वला हसत सुटली, मग गप्प झाली,
मग दोन दिवस फोन उचलेना.
मी ते बापूंना वाचून दाखवलं.
कृत्रिम म्हणजे खोटं ना? त्यांनी विचारलं.
घेऊन या त्याला एकदा,
कंदील मी धरतो.

तीनशे सीड्या काढल्या होत्या.
एक्केचाळीस खपल्या, त्यातल्या सात अजितनंच घेतल्या.
बाकीच्या त्याच्या बहिणीच्या सासऱ्यानं
सावळजला नेऊन द्राक्षबागेत टांगल्या.
उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात.
मी बघून आलो मागच्या महिन्यात.
वाऱ्यावर आमची नऊ गाणी
कधी या अंगानं, कधी त्या अंगानं फिरत होती
आणि बागेत एक घड टोचलेला नव्हता.
सासरे म्हणाले, चांगलं काम केलंत.
इतकं मनापासून
दुसरं कुणी म्हणालं नव्हतं.

दिवाळीनंतर बापूंच्या मुलानं पेव बुजवलं.
चार डंपर मुरूम लागला म्हणे.
आता तिथं गाड्या उभ्या राहतात.

शेवटच्या गाण्यानंतर चाळीस सेकंद काहीच नाही.
इंजिनिअर कापायला निघाला होता,
मी त्याचा हात धरला.
प्रज्वला तोवर वर आली होती,
दोरी सैल होती,
आणि खाली, एकट्यानं,
कंदील जळत होता.
कान लावलात तरी ऐकू यायचा नाही.