वहिवाट

रविवारी मीस आटोपली की इनासिन
खुरसाच्या ओट्यावर बूट काढून ठेवते, रबरी चपला घालते.
तोवर आम्ही थांबलेलो : गुणाजी, सुकांती,
रुजारचा नातू, आणि कमरेला पट्टा बांधून मी.
कोयते तीन, पिकास एक. घमेले सुकांतीच्या घरचे,
त्याला भोक आहे. चिऱ्यांची भुकटी चालताना
थोडी थोडी सांडत जाते.
सांडू दे, गुणाजी म्हणतो, वाटेवरच तर टाकायची आहे.

वाट फार मोठी नाही. देवणावाड्यातून वर,
काजूच्या भाटातून, झर डावीला टाकून
खाली तरीपर्यंत. पाऊण तास, गुडघे धड असतील तर.
पोदेराची काठी आधी ऐकू यायची, मग पावाचा वास.
एका लग्नात बँडचा मोठा ढोल करवंदीत अडकला,
नवरा-नवरी पुढे गेली, ढोल
दुसऱ्या दिवशी पोचला.

तरीला आता होडी नाही. पूल झाला तेव्हाच गेली.
म्हणून लोक विचारतात, तुम्हाला जायचंय तरी कुठे?
आम्ही पाच जणांनी पाच उत्तरे देऊन पाहिली.
इनासिन म्हणते, परत यायला.

रानमोडी यंदा डोक्याच्या वर गेली.
आम्ही कापतो, ती पडून बघते, आमची पाठ वळली की उठते.
साकवाची फळी गुणाजीने बदलली.
जुनी जाळायला नेली नाही, बाजूला ठेवली.
मुंग्यांचे बिऱ्हाड होते तिच्यात.

झरीच्या अलीकडे फाटक आहे.
चार वर्षांपूर्वी नव्हते. हिरवा पत्रा, वर तारा,
कुलूप माझ्या मुठीएवढे.
वकील म्हणाला : नकाशात दाखवा.

नकाशात नाही.

का नाही, ते मला माहीत आहे.
मोजणी झाली तेव्हा मी बावीस वर्षांचा,
पणजीत, ट्रेसिंगच्या टेबलावर. काचेखाली दिवा, हातात शाईचे पेन.
पायवाट म्हणजे तुटक रेघ.
हात टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा.
शनिवार होता. बस दीडची.
समोर आमच्याच गावचा कागद. मला वाटले,
ही वाट कोण विसरणार आहे?

हे मी त्यांना मागच्या वर्षी सांगितले, साकवावर बसून.
गुणाजी बराच वेळ कोयत्याला दगड लावत राहिला.
मग म्हणाला,
पिकास आजपासून तू घे.

कायद्यात एक शब्द आहे, वहिवाट.
रुजारचा नातू मोबाईलवर आमच्या चालण्याची रेघ काढतो,
तारखेसकट. दर रविवारी ती
त्याच पत्र्याशी येऊन थांबते.

आज सुकांतीने सांध्याला डोळा लावला
आणि मला हाताने बोलावले.
पलीकडे कमरेएवढे गवत, पण मधोमध
पाऊलभर रुंद, लाल, घासलेली पट्टी,
माट्टीच्या झाडाला वळसा घेऊन झरीकडे उतरणारी.
बंगल्याचा राखणदार, झारखंडचा पोरगा.
टँकरचे पाणी त्याला सोसत नाही, दोन वेळा कळशी भरतो.
त्याला कुणी काही दाखवले नव्हते.
तरी नेमका तिथूनच जातो
जिथे मी हात उचलला होता.

चावी त्याच्याकडे नसते.
त्याने आधी आमच्याकडे पाहिले, मग घमेल्याकडे.
पत्र्याखाली वीतभर जागा.
मी पिकासाने आणखी चार बोटे केली.
घमेले खरवडत, सांडत पलीकडे गेले.

मग दिसत काही नव्हते.
तो ओतत होता बहुतेक.
अनवाणी पायांनी दाबत होता,
ते ऐकू येत होते.