दगा

इथे दगा म्हणजे मासा.
बोटभर, चंदेरी, डोळ्यांसकट खायचा.
झमदाला मी आमच्याकडचा अर्थ सांगितला
तेव्हा ती हसली नाही.
वाळूवरची रांग हाताने विरळ करत म्हणाली,
''मासा कुणाला देणार?
त्याला कुणी दिला ते विचार.''

किबिरिझीचा किनारा. टांगानिका सरोवर
एवढं खोल की दोर संपतो, पाणी संपत नाही.
वरचं पाणी माशांचं.
खालचं कुणाचंच नाही, तिथे श्वास नाही,
पण जे जे मेलं, झडलं, बुडालं
ते सगळं तिथे साठलेलं. बंद पेव.
ते फोडायचं काम वाऱ्याचं.

मे महिन्यात दक्षिणेकडून लुकुगा सुटायचा.
बिलाली, झमदाचा नवरा, त्याला शिव्या घालायचा:
होड्या उपड्या, पोरांचे डोळे वाळूने लाल,
चिमट्यांशिवाय दोरीवर एक कपडा टिकत नाही.
पण तोच वारा वरचं पाणी उत्तरेला रेटायचा
आणि तिकडे दक्षिणेत पेव फुटायचं,
गार, काळसर, जुन्या धान्याचं.
मग पाण्यावर हिरवी साय,
सायीवर किडे, किड्यांवर दगा,
आणि अमावस्येच्या रात्री दग्यावर दिवे,
इतके, की गावातून बघणाऱ्याला वाटावं
खरं गाव तिकडे आहे.

झमदा हे असं सांगत नाही.
ती उगालीचं भांडं पुढे करते.
''ढवळलं नाही तर?
खाली करपतं, वर कच्चं राहतं.
वाढणार काय?''

मार्चमध्ये उपेंदो आली, दारच्या विद्यापीठातली.
तळाच्या चिखलात नळी खुपसून
तिने हातभर काळ वर आणला,
फळीवर आडवा ठेवून उभा चिरला.
केसाएवढे थर. फिका, गडद, फिका.
खाली माशांची हाडं, पापणीहून बारीक.
वर येता येता कमी.
शंखही कमी.
एका थराशी तिने नख ठेवलं.
''इथे,'' ती म्हणाली, ''अजून एकही मोठी बोट
पाण्यात उतरलेली नाही.
हवा तापायला लागलीय, एवढंच.''

बिलाली त्या नखाकडे बघत राहिला.
अकरा वर्षं तो भावाशी बोललेला नाही.
रुकोंदोने मच्छरदाणीएवढं बारीक जाळं आणलं
आणि सरोवर उपाशी पडलं, असा त्याचा हिशोब.
मी विचारलं, म्हणजे रुकोंदोची चूक नव्हती?
''होती. पण पहिली नव्हती.''

बिलाली उठला. भावाच्या घराकडे नाही,
पाण्याकडे गेला.
घोट्यापर्यंत आत जाऊन उभा राहिला,
आजाऱ्याच्या कपाळाला हात लावावा तसा.

आता दिवे सौर, पांढरे, लख्ख.
जाळ्यात काय नाही तेही लख्ख दिसतं.
खालचं बिनश्वासाचं पाणी
एकेक पायरी वर चढतंय
आणि कपारीतल्या गोगलगाई, खेकडे,
घाटावर पूर आल्यासारखे
वरच्या पायरीवर सरकतायत.
पूर पाण्याच्या आतला,
किनाऱ्यावरून दिसत नाही.
किनाऱ्यावरून सरोवर सुंदर दिसतं.
निवांत. पर्यटक फोटो काढतात.

झमदा मासळी विरळ पसरते,
एवढी की वाळू भरल्यासारखी वाटावी.
दोन पाट्यांचा ऐवज चार पाट्यांच्या जागेत.
''गिऱ्हाइकाला फसवतेस?'' मी चिडवलं.
''स्वतःला,'' ती म्हणाली. ''सकाळपुरतं.''

मेचा शेवटचा आठवडा.
तिने कपडे वाळत घातले,
बिलालीचा सदरा, दोन कांगा, पोरांचे गणवेश,
आणि चिमट्यांची टोपली
मुद्दाम घरात ठेवून आली.

संध्याकाळी आम्ही दोघी बघायला गेलो.
सगळे कपडे जागच्या जागी.
सदऱ्याची बाहीसुद्धा
हललेली नव्हती.