आत्ता तर सरळ आहे

बेळगावच्या दवाखान्यात, बॅटरीपुढं,
कल्मेशचा डोळा शहाण्या पोरासारखा सरळ.
"इल्ली नोडु," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यानं पाहिलं.
"आत्ता तर काही दिसत नाही."

मी विडीच्या हिशोबाची वही उघडली.
हजाराच्या खुणांशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं:
मंगळवार, फीट येऊन गेल्यावर, डावा बाहेर.
शुक्रवार, दिवेलागण, कानाकडं. जेवताना परत.
नणंदेच्या लग्नातल्या फोटोत
त्याचा एक डोळा कॅमेऱ्यात, एक मांडवाच्या कनातीकडं.

सासू म्हणते, चकणं पोर नशीब काढतं.
वय सहा. मान अजून धरत नाही.

बाईंना मराठी वाचता येईना धड.
एकेका ओळीवर बोट ठेवून, हे काय, हे काय.
मग घड्याळ बघून म्हणाल्या, थांबा. दमू दे त्याला.

पाचाची निपाणी गाडी सोडून
आम्ही बाकड्यावर बसलो. बिस्कीट संपलं.
साडेसहाला तो माझ्याकडंच बघत होता
आणि डावा हळूच सुटला,
दावं सैल पडल्यासारखा,
भिंतीवरल्या कन्नड पाटीकडं.

आणि मला, देवा, आनंद झाला.
"बाई," मी ओरडले, "या. लवकर या."