साडेसहा ते आठ

फोन दिवसभर शिवदासच्या उशाखाली झोपतो
आणि रात्रभर त्याच्याबरोबर महाप्याच्या गेटवर जागतो.
आमच्या वाट्याला येतो साडेसहा ते आठ,
तोही चार्जिंगला लावलेला,
म्हणून मनस्वी आणि मी भिंतीला चिकटून बसतो.
वायर जेवढी, तेवढं अंगण.

मसाला मार्केटातून तुर्भे स्टोअरला परतते
तेव्हा बोटांत मिरची असते.
देठं खुडून खुडून ठसे पुसले गेलेत,
रेशनच्या मशीनलाही मी कोण ते पटत नाही.
फोनचं कुलूप उघडतं पोरीच्या अंगठ्यानं.
सव्वाचार वर्षांची मालकीण.

पहिल्या आठवड्यात काच मी धरली, मग तिनं,
मग तिनं डोळे चोळले.
साडेनऊपर्यंत रडत होती.
शेजारची जुबेदा म्हणाली, शिकवा अजून.
तेव्हापासून आधी खोबरेल, मग राख, मग साबण,
मग पदरानं काच,
मग शाळा.

अंगणवाडीच्या ग्रुपवर पाटोळेताईंचा आवाज येतो.
लिहिलेलं मला सावकाश लागतं
हे त्यांना न सांगता कळलंय.
आज घरातल्या गोल वस्तू शोधा.
आज लहान-मोठं लावा.
आज काम करता करता मुलांशी गप्पा मारा.

गप्पा?
मी चार वर्षांची असताना
माझ्याशी कुणी गप्पा मारल्या नाहीत.
सरक. धर. आण. गप.
लहान पोराशी बोलायचे एवढेच शब्द मला ठाऊक होते
आणि तेच मी हिलाही देत आले होते.

आता बटाटा सोलताना बटाट्याचं सांगते.
हा थोरला, हा धाकटा, ह्याला कोंब आलाय.
कोंब म्हणजे?
म्हणजे त्याला अजून वाटतंय, आपण शेतातच आहोत.
हे मी कुठून बोलले कोण जाणे.
आमचं शेत कधी नव्हतंच.

एकदा फोन म्हणाला, वर्तुळ.
मी म्हटलं, म्हणजे वाटोळं. भाकरीसारखं.
तिनं टोपल्यातली भाकर उचलून फिरवून पाहिली.
"ही नाही वर्तुळ. ही इथं तुटलीय."
खरंच होतं.
मग डब्याचं झाकण, बांगडी, पिंपाचं तोंड,
आणि ड्युटीला निघालेल्या बापाची बटणं.
त्यानं दारात उभ्याउभ्या मोजू दिली:
एक, दोन, तीन, चार, पाँच,
सहावं नव्हतंच, तिथं सेफ्टी पिन.
"सहावं पिन," ती म्हणाली.
त्या दिवशी त्याची बस चुकली.

व्हिडिओ पाठवायचा होता तेव्हा
मी मागे लग्नातली साडी टांगली,
भिंतीचा पत्रा दिसू नये म्हणून.
ताईंनी आधी अंगठा पाठवला, मग आवाज:
साडी काढा हो, तिला पत्र्यावरचे खिळे मोजू द्या.
मला राग आला. दोन दिवस ग्रुप उघडला नाही.
तिसऱ्या दिवशी पोरीनंच साडी ओढून खाली पाडली.
बारापर्यंत गेली, मग पुन्हा एक.
खिळे बरेच उरले.

महिनाअखेरीस रिचार्ज संपलं. पगार सातला.
तरी साडेसहाला सवयीनं हात धुतले,
खोबरेल, राख, साबण,
आणि ओल्या हातांनी नुसतीच बसून राहिले.

मनस्वीनं साबणाची वडी कानाला लावली.
पाटोळेताईंच्या आवाजात, थोडं नाकातून:
"आज आईनं सांगायचं,
मार्केटात काय काय लाल होतं."

मिरची, म्हटलं.
अजून?
टेम्पोचा मागचा दिवा.
मुकादमाचे डोळे.
एका बाईचा नवा चुडा, ती सारखा बघत होती.
माझी बोटं.

"हळू सांग ना," ती म्हणाली,
"मी मोजतेय."